लघुशोधप्रबंधाचं संख्याशास्त्र: प्रश्नावली आधी की तक्ते आधी?

पानखूण

ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या लघुशोधप्रबंधाबद्दल विचारायचं आहे. विषय: महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा ई-संसाधनांचा वापर. एकूण विद्यार्थी १५००: कला ६००, वाणिज्य ५००, विज्ञान ४००. २५ प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे, ती गूगल फॉर्मवर टाकून वर्गांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पाठवायची आहे.

आता तीन गोष्टी अडल्या आहेत. नमुना किती घ्यायचा? माहिती हाती आल्यावर चाचणी कोणती लावायची, काय-स्क्वेअर की टी? आणि दहावीनंतर गणिताला हात न लावलेल्या माणसाने या विषयाची सुरुवात कुठून करायची?

तक्ताबंद

फॉर्म अजून पाठवू नका. चाचणीचा प्रश्न माहिती हाती आल्यावर पडतोय, म्हणजे क्रम उलटा झालाय.

आधी चौथं प्रकरण (माहितीच्या विश्लेषणाचं) लिहायला घ्या, पण आकड्यांशिवाय. कोऱ्या कागदावर तक्ते आखा. तक्ता १: डावीकडे कला, वाणिज्य, विज्ञान, वर 'गेल्या ३० दिवसांत ई-नियतकालिक किती वेळा उघडलं' याचे गट, खाली आणि उजवीकडे बेरजा, चौकटी कोऱ्या. तक्त्याखाली एक वाक्य लिहा: 'या तक्त्यावरून अमुक उद्दिष्टाचं उत्तर मिळेल.' असे सहा-सात तक्ते झाले की तुमचे २५ प्रश्न एकेक करून त्यांच्याशी लावून बघा. ज्या प्रश्नाला एकाही तक्त्यात जागा नाही तो काढून टाका. जी चौकट भरायला प्रश्नच नाही तिथे नवा प्रश्न घाला. २५ मधले दहा-बारा सहज गळतात, आणि चाचणी आपोआप ठरते: दोन्ही बाजूंना गट असतील तर काय-स्क्वेअर, एका बाजूला दोन गट आणि दुसरीकडे मोजलेला आकडा असेल तर टी (दोन गटांच्या मध्यांची तुलना) किंवा मान-व्हिटनी (तशीच तुलना, पण आकड्यांच्या क्रमावरून).

दाखल_क्रमांक

तक्ताबंद यांच्याशी पूर्ण सहमत. नमुन्याचं गणित मी मांडतो.

विद्यापीठांत सर्वाधिक चालतो तो क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता. त्यात १५०० साठी ३०६ दिलेत. हा आकडा येतो कुठून ते एकदा हाताने करून बघा. वरती: ३.८४१ × १५०० × ०.२५ = १४४०.३७५. खालती: ०.००२५ × १४९९ म्हणजे ३.७४७५, अधिक ३.८४१ × ०.२५ म्हणजे ०.९६०२५, बेरीज ४.७०७७५. भागाकार ३०५.९६. यातला ३.८४१ म्हणजे १.९६ चा वर्ग (९५ टक्के विश्वासपातळी), ०.२५ म्हणजे ०.५ × ०.५ (उत्तरं निम्मी-निम्मी पडतील हा सर्वांत अवघड प्रसंग), आणि ०.००२५ म्हणजे ५ टक्के चुकीचा वर्ग.

काही मार्गदर्शक यामाने यांचं सूत्र सांगतात: १५०० भागिले (१ + १५०० × ०.००२५) = १५०० भागिले ४.७५ = ३१६. दोन्हींत दहाचा फरक पडतो, कारण यामाने १.९६ ऐवजी सरळ २ धरतात. कुठलंही एक घ्या, पण कोणतं घेतलं ते प्रबंधात लिहा.

हे ३०६ भरून परत आलेले हवेत. दहातले सातच जण भरून देतील असा अंदाज असेल तर ३०६ भागिले ०.७, म्हणजे ४३८ जणांची निवड करावी लागेल.

रांगेतला_वाचक

गणित बरोबर आहे, पण ते इथे लागूच होत नाही. ३०६ हा आकडा यादृच्छिक नमुन्यासाठी आहे, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडावं तशा नमुन्यासाठी. व्हॉट्सअ‍ॅप गटावर दुवा टाकला की जो मोबाइल हातात धरून बसलाय आणि ज्याला विषयात रस आहे तोच फॉर्म भरतो. विषय ई-संसाधनांचा असताना उत्तरंही ऑनलाइनच मागवली, तर ऑनलाइन न वळणारा विद्यार्थी आधीच गाळला गेला. असे ३०६ मिळाले काय आणि ९०० मिळाले काय, '९५ टक्के विश्वासपातळीने' हे शब्द लिहिण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. ग्रंथालयाच्या दारात उभं राहून फॉर्म भरून घेण्याचंही तेच: रोज येणारा सापडतो, वर्षभरात न फिरकलेला कधीच सापडत नाही. पुढे 'ग्रंथालय न वापरणाऱ्यांचं प्रमाण ४ टक्के' असला निष्कर्ष छापला जातो, तो यातूनच.

दाखल_क्रमांक

@रांगेतला_वाचक, मान्य. आकड्याआधी निवडीची पद्धत सांगायला हवी होती. ती अशी.

कार्यालयाकडून तिन्ही शाखांच्या हजेरीच्या याद्या घ्या. नावं नकोत, हजेरी क्रमांक पुरेत. प्रत्येक शाखेची वेगळी शीट करा. ३०६ चे शाखांच्या प्रमाणात वाटे: कला १२२, वाणिज्य १०२, विज्ञान ८२. प्रत्येक शीटमध्ये शेजारच्या रकान्यात रँड() (एक्सेलचं यादृच्छिक आकडा देणारं सूत्र) भरा, त्या रकान्यावर क्रमवारी लावा, वरचे १२२ (किंवा १०२, ८२) घ्या. खाली उरलेली यादी पुसू नका. निवडलेला विद्यार्थी दोनदा गाठूनही मिळाला नाही तर काय करायचं ते आधीच ठरवून लिहून ठेवा.

तिन्ही शाखांतून सारखेच १०२ घेतले तर शाखांची तुलना चालते, पण 'एकूण विद्यार्थ्यांपैकी इतके टक्के' हे वाक्य थेट लिहिता येत नाही. तिथे कला शाखेच्या टक्केवारीला ०.४०, वाणिज्यला ०.३३ आणि विज्ञानला ०.२७ असा भार द्यावा लागतो.

निळी_शाई

रँड() दर बदलाला नवे आकडे काढतं. क्रमवारी लावण्याआधी तो रकाना कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा, नाहीतर निवड पुन्हा दाखवता येणार नाही.

कृष्णाकाठ

स्तरित नमुन्याचा (शाखांसारख्या प्रत्येक गटातून वेगळी निवड) विषय निघालाच आहे तर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं नाव यायलाच हवं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. लंडनला संख्याशास्त्रज्ञ नेमन यांच्याकडे शिकले, आणि त्यांचं काम नेमकं याच प्रश्नावर होतं: कोणत्या स्तरातून किती घ्यायचे. नेमन यांची १९३४ ची मांडणी अशी, की वाटे नुसते संख्येच्या प्रमाणात न पाडता जिथे उत्तरांत चढउतार जास्त आहे तिथून जास्त घ्यावेत. सुखात्मे यांनी ते पिकांच्या पाहण्यांपर्यंत नेलं. नमुना पाहण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९५४ चा आहे. लघुप्रबंधाला प्रमाणशीर वाटे पुरेत, पण हे शास्त्र आपल्या माणसांनी घडवलंय हे विद्यार्थ्यांना सांगितलं जात नाही याची खंत वाटते.

पानखूण

सगळं वाचतेय, फॉर्म थांबवला आहे. निवडलेल्यांना छापील प्रश्नावली द्यायचं ठरवते. प्रश्नांच्या भाषेबद्दल कुणी सांगेल का?

पणजी_वाचनकट्टा

प्रश्नांत बहुतेक वेळा पुढच्या चुका असतात.

'ग्रंथालयाची वेळ आणि कर्मचाऱ्यांचं सहकार्य समाधानकारक आहे का?' हे दोन प्रश्न एकात आहेत. वेळ बरी पण सहकार्य नाही, अशा माणसाने कुठे खूण करायची?

वयोगट २०–२५, २५–३० असे दिले तर पंचवीस वर्षांचा कुठे जाईल? २०–२४, २५–२९ करा. त्याहून बरं म्हणजे वय आकड्यातच विचारा. गट नंतर केव्हाही पाडता येतात, पण गटातून वय परत काढता येत नाही.

'नेहमी / कधी कधी / क्वचित' काढून टाका. एकाचं 'नेहमी' आठवड्यातून एकदा असतं, दुसऱ्याचं रोज. 'गेल्या ३० दिवसांत किती वेळा' असं विचारा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, 'ई-संसाधनं' हा शब्द. विद्यार्थी त्यात यूट्यूबवरची व्याख्यानं, टेलिग्रामवरच्या पीडीएफ, मित्राने पाठवलेल्या नोट्स सगळं धरतो. त्याला विचारा: 'महाविद्यालयाने दिलेलं लॉग-इन वापरून एन-लिस्टवर (महाविद्यालयांसाठीची ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांची सेवा) गेलात का?' पाहणीआधी नमुन्याबाहेरच्या पंधरा-वीस जणांना प्रश्नावली भरायला द्या आणि शेजारी बसून विचारा, 'हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा.' निम्म्या चुका तिथेच कळतात.

शून्य_परिकल्पना

थोडं अवांतर. मराठी प्रबंधांत 'गृहीतक' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्याने गोंधळ होतो. जे तपासणार नाही, मानूनच चाललो आहोत ते गृहीतक: उदाहरणार्थ, विद्यार्थी खरी उत्तरं देतील. जे तपासायचं आहे ती परिकल्पना: शाखा आणि वापर यांचा संबंध नाही. दोन्ही एकाच मथळ्याखाली घातली की परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

दुसरं, शून्य परिकल्पना ('संबंध नाही' असं म्हणणारी) 'सिद्ध झाली' किंवा 'स्वीकारली' असं लिहू नका. 'नाकारता आली नाही' असं लिहा. पुरावा अपुरा असणं आणि संबंधच नसणं यांत फरक आहे.

तक्ताबंद

काय-स्क्वेअर एकदा हाताने करून बघाच, सॉफ्टवेअर नंतर. समजा, पदवीचे २०० विद्यार्थी: ९० वापरतात, ११० नाही. पदव्युत्तर १००: ६० वापरतात, ४० नाही. स्तंभांच्या बेरजा १५० आणि १५०, एकूण ३००.

अपेक्षित संख्या (संबंध नसता तर आली असती ती) = ओळीची बेरीज × स्तंभाची बेरीज ÷ एकूण. पदवी-वापर: २०० × १५० ÷ ३०० = १००. पदवीची दुसरी चौकटही १००, पदव्युत्तरच्या ५० आणि ५०. प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक १०, त्याचा वर्ग १००. तो अपेक्षिताने भागा: १ + १ + २ + २ = ६. स्वातंत्र्यमात्रा (बेरजा ठरल्यावर मोकळ्या राहणाऱ्या चौकटी) = (ओळी−१) × (स्तंभ−१), इथे (२−१) × (२−१) = १; तिथला ५ टक्क्यांचा उंबरठा ३.८४१. ६ त्याहून मोठा, म्हणून शून्य परिकल्पना नाकारायची. सॉफ्टवेअर ५.४२ दाखवेल तर घाबरू नका, ती दोन-बाय-दोन तक्त्यासाठीची येट्स यांची दुरुस्ती आहे. निर्णय तोच राहतो.

मधली_ओळ

टक्केवारी घातली तर चालेल का? तक्ता सुटसुटीत दिसतो.

तक्ताबंद

@मधली_ओळ, अजिबात नाही. वरचीच उदाहरणं टक्क्यांत, म्हणजे ४५-५५ आणि ६०-४०, घालून करा: उत्तर ६ ऐवजी ४.५१ येतं, कारण ३०० माणसांची तुम्ही २०० केलीत. टक्केवारी वाचकाला दाखवायला. चाचणीला फक्त मोजलेली माणसं.

आणखी एक सापळा. 'कोणकोणती संसाधनं वापरता?' या प्रश्नाला एक जण तीन खुणा करतो. त्या सगळ्या खुणा एका तक्त्यात घालून काय-स्क्वेअर लावू नका, एक माणूस तीन चौकटींत मोजला जातो. प्रत्येक संसाधनाचा 'होय/नाही' असा वेगळा तक्ता करा.

शून्य_परिकल्पना

आणि '६ आला, पी (संबंध नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली' एवढ्यावर थांबू नका. संबंध आहे हे कळलं, केवढा ते नाही. क्रामर यांचा व्ही (संबंधाची ताकद ० ते १ मध्ये) काढा: ६ ÷ ३०० = ०.०२, त्याचं वर्गमूळ ०.१४. म्हणजे संबंध आहे पण क्षीण. याच प्रमाणात ३००० माणसं घेतली तर काय-स्क्वेअर ६० होईल, व्ही मात्र ०.१४ च राहील. हे समजलं की 'पी जितका लहान तितका शोध मोठा' हा समज जातो.

चाचण्यांची संख्याही जपून. कशाचाच कशाशी संबंध नसताना एकमेकांपासून स्वतंत्र अशा २० चाचण्या केल्या, तरी निदान एक 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. तक्ते आधी आखण्याचं हेही एक कारण आहे.

निळी_शाई

सुरुवात कुठून, या मूळ प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते. शाळेतल्या मध्य, मध्यक, बहुलकापासूनच करा, पण ग्रंथालयाच्या आकड्यांवर. दहा पुस्तकांची वर्षभरातली देवघेव समजा अशी: ०, ०, ०, ०, १, १, २, ३, ८, ४५. बेरीज ६०, मध्य ६. दहातली आठ पुस्तकं ६ च्या खाली आहेत! मध्यक १, बहुलक ०. प्रमाण विचलन (आकडे मध्याभोवती किती पसरलेत त्याचं माप) जवळपास १४, म्हणजे 'मध्य वजा एक विचलन' शून्याखाली जातं. आणि उणे आठ वेळा दिलेलं पुस्तक नसतं. असं दिसलं की वितरण एकीकडे कललेलं आहे हे ओळखायचं आणि मध्यक लिहायचा. वरच्या दोनच पुस्तकांनी ६० पैकी ५३ देवघेवी खाल्ल्या. ट्रूजवेल यांनी १९६९ मध्ये ग्रंथालयांसाठी मांडलेला ८०-२० चा नियम हाच. आपल्या क्षेत्रातले आकडे बहुतेक असेच कललेले असतात, म्हणून घंटेच्या आकाराच्या वक्रावर बेतलेल्या चाचण्या डोळे मिटून लावू नयेत.

पणजी_वाचनकट्टा

मग 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशा पाच पायऱ्यांच्या लिकर्ट प्रश्नांचं काय? सगळे प्रबंध 'मध्य ३.७२' लिहितात. 'सहमत' आणि 'पूर्ण सहमत' यांतलं अंतर मोजलेलं नाही, तो नुसता क्रम आहे. मध्य काढूच नये.

दाखल_क्रमांक

@पणजी_वाचनकट्टा, एका सुट्या प्रश्नापुरतं तुमचं बरोबर. तिथे प्रत्येक पायरीवर किती जण ते द्यावं, फार तर मध्यक. पण लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली ती अनेक विधानांची मिळून एक मापनपट्टी होती. सहा-आठ विधानं एकच गोष्ट मोजत असतील तर त्यांची बेरीज घेऊन मध्य काढणं रास्त आहे. अट एवढीच की ती विधानं खरंच एकत्र चालतात का ते क्रॉनबाख अल्फाने पाहावं, ०.७ किंवा वर असला तर सहसा मान्य होतो.

अल्फा उणे किंवा अगदी कमी आला तर आधी उलट विधानं तपासा. 'मला लॉग-इन कटकटीचं वाटतं' यासारख्या विधानाचे गुण ६ मधून वजा करून उलटवावे लागतात. बहुतेक वेळा तेच राहून गेलेलं असतं.

पणजी_वाचनकट्टा

बेरीज मान्य. सुट्या प्रश्नाचा दोन दशांशांपर्यंतचा मध्य मात्र मला पटणार नाही.

मधली_ओळ

एक्सेलमध्ये भरतानाच्या चुका कुणी सांगा ना. सगळं तिथेच बिघडतं.

रांगेतला_वाचक

आपल्या क्षेत्रापुरत्या सांगतो. ड्यूईच्या ग्रंथवर्गीकरणातला वर्गांक ०२० टाइप केला की २० होतो, ०२५.४० चा २५.४. नियतकालिकाचा जोडअंक '२-३' लिहिला की तारीख होते. तेरा अंकी आयएसबीएन ९.७८ई+१२ असा दिसतो आणि तसाच सीएसव्हीत जतन केला तर मागचे अंक कायमचे जातात. हे सगळे रकाने टाइप करण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा.

उत्तर नसेल तर ९९ लिहायची पद्धत आहे. ते मध्यात मिसळलं तर वय सरासरी पस्तीस निघतं. चौकट रिकामी ठेवा. शाखा हाताने लिहू देऊ नका, 'वाणिज्य', 'कॉमर्स', 'बीकॉम' असे तीन गट तयार होतात. देवनागरी अंकांत भरलेली उत्तरं आर किंवा जामोवीसारख्या सॉफ्टवेअरला मजकूर वाटतात. भरताना इंग्रजी अंक घ्या. आणि मूळ फाइल 'कच्ची' नावाने बाजूला ठेवा, तिला पुन्हा हात नाही.

सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. जामोवी, पीएसपीपी मोफत आहेत.

कोहाकर

मला मूळ विषयाबद्दलच विचारायचंय. वापर विचारायचा कशाला? तो नोंदलेला असतो. कोहात (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) 'इश्यूज' टेबलमध्ये सध्या बाहेर असलेली पुस्तकं आणि 'ओल्ड_इश्यूज'मध्ये परत आलेली. वर्षाची देवघेव काढताना दोन्ही जोडा. नुसतं पहिलं घेतलं तर वर्षभराचा वापर म्हणून फक्त आज बाहेर असलेली पुस्तकं मोजली जातात. वाचकांचा इतिहास अनामिक करण्याची सोय चालू असेल तर जुन्या नोंदींवरून शाखानिहाय तक्ता निघणार नाही, हे आधी तपासा.

ई-नियतकालिकांसाठी प्रकाशकांकडून काउंटर अहवाल (एकाच नियमाने मोजलेली वापराची आकडेवारी) मागा. त्यात 'टोटल आयटम रिक्वेस्ट्स' आणि 'युनिक आयटम रिक्वेस्ट्स' वेगळे असतात: एकाच सत्रात एक लेख आधी एचटीएमएल आणि मग पीडीएफ उघडला तर टोटल दोन, युनिक एक. दोन प्रकाशकांची तुलना करताना युनिक घ्या.

निळी_शाई

नोंदी काय झालं ते सांगतात, का झालं नाही ते सांगत नाहीत. लॉग-इन न केलेल्याची नोंद कुठेच नसते. दोन्ही हवं.

कृष्णाकाठ

प्रश्नावली नकोच असेल त्यांच्यासाठी: ब्रॅडफर्ड यांची १९३४ ची पद्धत अजूनही लघुप्रबंधाला उत्तम आहे. एका विषयावरचे लेख साधारण सारख्या तीन गटांत पाडले की प्रत्येक पुढच्या गटाला लागणारी नियतकालिकं ठरावीक पटीने वाढतात, हे त्यांचं सूत्र. त्यांच्या उपयोजित भूभौतिकीच्या आकड्यांत ३२६ नियतकालिकं आणि १३३२ लेख होते. पहिल्या ९ नियतकालिकांत ४२९ लेख, पुढच्या ५९ मध्ये ४९९, उरलेल्या २५८ मध्ये ४०४. ५९ भागिले ९ = ६.६, २५८ भागिले ५९ = ४.४. म्हणजे मूळ आकडेही सूत्रात चपखल बसत नाहीत, सुमारे पाचपट असा तो कल आहे. तुमचे आकडे थोडे हलले म्हणून ओढून बसवू नका.

घोटाळा होतो तो नावांत. १९५४ मध्ये सुरू झालेलं 'अ‍ॅनल्स ऑफ लायब्ररी सायन्स' आज 'अ‍ॅनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज' या नावाने निघतं. दोन नावं वेगळी मोजली तर एक मोठं नियतकालिक फुटून दोन मध्यम होतात आणि पहिला गटच बदलतो.

शून्य_परिकल्पना

'का वापरत नाही' असा खुला प्रश्न ठेवणार असाल तर उत्तरांचं वर्गीकरण दोघांनी स्वतंत्र करा. ५० उत्तरांपैकी ४० वर एकमत म्हणजे ८० टक्के, ऐकायला छान. पण वर्ग दोनच असतील आणि दोघांनीही ३५ उत्तरांना 'तक्रार' म्हटलं असेल तर नुसत्या योगायोगानेच ५८ टक्के जुळतात. कोहेन यांचा कापा (योगायोग वगळून उरलेलं एकमत): (०.८० − ०.५८) ÷ ०.४२ = ०.५२. मध्यम. वर्गांच्या व्याख्या सुधारून पुन्हा करावं लागेल.

पानखूण

सर्वांचे मनापासून आभार. २५ चे १३ प्रश्न झाले. हजेरी क्रमांकांच्या याद्या मिळणार आहेत. पहिला कोरा तक्ता असा: ओळी ३ (कला १२२, वाणिज्य १०२, विज्ञान ८२), स्तंभ ४ (गेल्या ३० दिवसांत ० वेळा, १ ते ४, ५ ते १४, १५ आणि अधिक). स्वातंत्र्यमात्रा २ × ३ = ६, उंबरठा १२.५९२. बरोबर?

तक्ताबंद

बरोबर. फक्त शेवटचा स्तंभ बघा. '१५ आणि अधिक' म्हणणारे ३०६ मध्ये १५ च निघाले तर विज्ञानच्या चौकटीत अपेक्षित संख्या ८२ × १५ ÷ ३०६ = ४.०२, म्हणजे पाचाच्या खाली. बारांतली एकच चौकट अशी असेल तर चालतं. पाचाखालच्या चौकटी २० टक्क्यांहून जास्त नकोत आणि कुठेही एकाहून कमी नको. पण जास्त झाल्या तर शेवटचे दोन स्तंभ जोडून '५ आणि अधिक' करणार, हे आजच तक्त्याखाली लिहून मार्गदर्शकांची सही घ्या. आकडे बघून जोडले तर ते जोडणं उत्तर हवं तसं आणण्यासाठी होतं.